खेळाचा मालक
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी व्यासपीठावरून संगणकावरील खेळांविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अलीकडे पालकसभांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर खेळत बसतो. हटकले तर सांगतो की हेही एक करिअर आहे आणि कोरियात यावर लोकांची घरे चालतात. पालकांना यातले खरे किती हे उमगत नाही. मुलालाही ते ठाऊक असतेच असे नाही. त्याने पाहिलेली असते ती कुणीतरी चषक उंचावल्याची चित्रफीत. त्या चित्रफितीच्या मागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात चषकांइतकेच खटले, करारपत्रे आणि मोडलेले संघही आहेत. कोरियाचे नाव घ्यायचे तर तो सगळाच ऐकायला हवा.

या इतिहासाचा आरंभ खेळात नाही, तो एका आर्थिक अरिष्टात आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले. चलन कोसळले, कारखान्यांना आणि कचेऱ्यांना टाळी लागली, लाखो मध्यमवयीन नोकरदार रस्त्यावर आले. देशाचे कर्ज फेडावे म्हणून लोकांनी लग्नातल्या अंगठ्या आणि बाळलेणी आणून दिली. असे सुमारे २२७ टन सोने गोळा झाले. ज्यांच्या हाती नोकरी सुटताना मिळालेली थोडी रक्कम होती, त्यांतल्या अनेकांनी एक नवे दुकान उघडले. त्याला तिकडे ‘पीसी बांग’ म्हणतात. बांग म्हणजे खोली. एका खोलीत वीस-तीस संगणक, वेगवान इंटरनेट आणि तासावर भाडे, एवढाच तो धंदा. १९९७ साली बोटांवर मोजण्याजोग्या असलेल्या या खोल्या २००१ पर्यंत वीस हजारांच्या वर गेल्या. सरकारनेही त्याच सुमारास देशभर जलद इंटरनेटचे जाळे विणण्याचा ध्यास घेतला आणि २००२ अखेर अशा जोडण्यांची संख्या एक कोटीवर पोचली.

त्या खोल्यांना एक खेळही मिळाला. अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीने मार्च १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ बाजारात आणला. तीन वंशांपैकी एक निवडायचा, खनिजे खणायची, सैन्य उभारायचे आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. बुद्धिबळासारखा डाव, पण आळीपाळी नाही. दोघेही एकाच वेळी खेळतात आणि कसलेला खेळाडू मिनिटाला तीन-चारशे आज्ञा देतो. जपानी सांस्कृतिक मालावर कोरियात कित्येक वर्षे निर्बंध होते, त्यामुळे दूरचित्रवाणीला जोडून खेळायची जपानी यंत्रे तेथे घरोघर पोचलेली नव्हती. पोकळी होती, ती या एका खेळाने भरून काढली. बेकार झालेल्या बापाचे दुकान आणि तेथे येऊन बसणारा कुणाचा तरी मुलगा, अशी या व्यवसायाची पहिली जोडी आहे. कोरियाची ही बाजू आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही.

१९९९ मध्ये मुलांच्या व्यंगपटांच्या एका वाहिनीने या खेळाचे सामने दाखवून पाहिले. प्रेक्षक एवढे लाभले की २००० साली केवळ खेळांसाठी ‘ऑनगेमनेट’ ही चोवीस तासांची वाहिनी निघाली. पाठोपाठ एमबीसी या मोठ्या प्रसारण संस्थेचीही अशीच वाहिनी आली. त्याच वर्षी सांस्कृतिक मंत्रालयाच्या मान्यतेने ‘केस्पा’ ही संघटना स्थापन झाली. खेळाडूंची नोंदणी, क्रमवारी आणि शिस्त हे सारे तिच्याकडे आले. समालोचक सूटबूट घालून, क्रिकेटच्या समालोचकांहूनही आवाज चढवून बोलू लागले. लिम यो-ह्वान नावाचा तरुण ‘सम्राट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या चाहत्यांच्या मंडळाची सभासदसंख्या काही लाखांत गेली. तो सर्वांत निर्दोष खेळत असे, असे जाणकार म्हणत नाहीत. हरत आलेला डाव कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या युक्तीने फिरवण्यात त्याचा हातखंडा होता, आणि लोकांना नेमके तेच आवडत असे.

२००३ मध्ये या वैयक्तिक स्पर्धांच्या जोडीला संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली, तीच ‘प्रोलीग’. २००५ पासून दोन्ही वाहिन्यांच्या सांघिक स्पर्धा एक होऊन तिला पक्के रूप आले. एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग असे उद्योगसमूह संघांचे धनी झाले. जहाजे बांधणाऱ्या समूहाचा संघ निघाला, मुलांची पुस्तके छापणाऱ्याचाही निघाला. स्पर्धेला नाव बँकेचे लागले. भरात असताना बारा संघ होते. खेळाडू पगारी झाले आणि एका घरात एकत्र राहू लागले. कोल्हापूरच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या घराचे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. वस्तादाच्या जागी प्रशिक्षक, जोर-बैठकांच्या जागी दिवसाचे दहा-बारा तास सराव, मुदपाकखान्यात सर्वांसाठी शिजवणारी एक बाई, आणि नव्या पोराने थोरल्यांच्या आधी उठायचे हा अलिखित नियम. फरक आहे तो शरीराचा. तालमीतला पोर अंगाने भरत जातो. या घरांतून मनगटाची आणि मानेची दुखणी घेऊन बाहेर पडलेले खेळाडू थोडे नाहीत.

कोरियात प्रत्येक धडधाकट तरुणाला सैन्यात सेवा करावी लागते, आणि ती नेमकी विशीत येते, जेव्हा या खेळात हात सर्वांत चपळ असतो. २००६ मध्ये लिम यो-ह्वान वायुदलात दाखल झाला. पुढच्याच वर्षी वायुदलाने आपला स्वतंत्र संघ उभा केला आणि तो प्रोलीगमध्ये खेळू लागला. गणवेशातले सैनिक दूरचित्रवाणीवर संगणकाचा खेळ खेळत आहेत, असे दृश्य त्या देशात काही वर्षे नित्याचे होते. संघ बहुतेक वेळा हरत असे, ती गोष्ट वेगळी.

१७ जुलै २००४ रोजी बुसान शहरातील ग्वांगअल्लीच्या समुद्रकिनाऱ्यावर प्रोलीगच्या पहिल्या टप्प्याचा अंतिम सामना झाला. हानबित आणि एसके टेलिकॉम हे दोन संघ, वाळूवर उभारलेला मंच, मागे पूल आणि समोर माणसांचा समुद्र. आयोजकांचा आकडा एक लाखाचा होता. त्याच दिवशी त्याच शहरात बेसबॉलच्या नामवंत खेळाडूंचा वार्षिक सामना होता. तेथे पंधरा हजार लोक गेले. जिंकला तो हानबित, म्हणजे दोहोंतला कमी पैशाचा संघ. पुढे कित्येक उन्हाळे अंतिम सामना याच किनाऱ्यावर होत राहिला.

येथून पुढची हकीकत चित्रफितींत नसते.

२०१० मध्ये उघडकीला आले की बेकायदा सट्ट्याच्या संकेतस्थळांशी संगनमत करून काही खेळाडू सामने हरत होते. केस्पाने अकरा खेळाडूंवर कायमची बंदी घातली. त्यांत एक आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ म्हणून गणला गेलेला विजेता होता. त्याला न्यायालयाने शिक्षा सुनावली. बंदी घातलेल्यांची वये पाहावीत: बहुतेक विशीच्या आसपासचे. ज्या संघांत मोजक्यांना चांगला पगार आणि राखीव फळीतल्यांना जेमतेम हातखर्च मिळतो, तेथे दलालाचे काम सोपे होते. याला सबब म्हणून सांगायचे नाही. पण व्यवस्थेने कोणाला किती उपाशी ठेवले, हा प्रश्न शिक्षेच्या बातमीत बुडून जातो आणि तो बुडू देऊ नये.

त्याच वर्षी दुसरा आणि अधिक खोल प्रश्न न्यायालयात गेला. खेळ कोणाच्या मालकीचा? केस्पाने २००७ मध्ये सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क परस्पर विकले होते. ब्लिझार्डचे म्हणणे असे की खेळ आमचा, तर त्याच्या प्रक्षेपणाचे हक्कही आमचे. कंपनीने ते हक्क तिसऱ्याच संस्थेला दिले आणि दोन्ही वाहिन्यांवर दावे लावले. मे २०११ मध्ये तडजोड झाली. परंतु २०१२ च्या आरंभी एमबीसीची खेळांची वाहिनी बंद होऊन तिच्या जागी गाण्यांची वाहिनी आली. पाठोपाठ संघांना जुना खेळ सोडून त्याच कंपनीच्या नव्या आवृत्तीकडे वळावे लागले. प्रेक्षक त्या प्रमाणात वळले नाहीत. २०१५-१६ मध्ये सामने विकल्याची आणखी प्रकरणे निघाली, प्रायोजक गळाले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केस्पाने प्रोलीग बंद करत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी उरलेल्या सात संघांपैकी पाच संघ मोडले.

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. हुतूतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले. पण उद्या दोन्ही जिमखाने नाहीसे झाले तरी मैदानात चुन्याची रेघ ओढणाऱ्या मुलांना कोणाची परवानगी काढावी लागणार नाही. संगणकावरील खेळाला मालक असतो, आणि मालकाच्या मर्जीत बदल झाला की मैदानच उचलले जाते. हा अनुभव भारतालाही आला आहे. क्राफ्टन या कोरियन कंपनीचा ‘बीजीएमआय’ हा खेळ २०२१ मध्ये भारतात आला; २०२२ च्या उन्हाळ्यात त्याची मोठी स्पर्धा एका क्रीडा वाहिनीवरून घरोघर दिसली; आणि ती संपल्यावर थोड्याच दिवसांत, २८ जुलै रोजी, सरकारी आदेशाने तो खेळ मोबाइलच्या दुकानांतून काढला गेला. मे २०२३ मध्ये तो परतला. मधल्या दहा महिन्यांत त्या खेळावर पोट असलेल्यांनी काय करायचे होते, याचे उत्तर कोणत्याही करारात नव्हते.

प्रोलीग मावळत असताना दुसरी लीग उगवलेली होती. अमेरिकेच्याच रायट कंपनीचा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ डिसेंबर २०११ मध्ये कोरियात अधिकृतपणे सुरू झाला. दोन बाजूंना पाच-पाच खेळाडू, तीन वाटा आणि मध्ये रान. कंपनी चतुर होती. तिने कोरियाच्या प्राचीन वास्तूंच्या जतनाला देणगी दिली. परदेशी गेलेले अठराव्या शतकातील एक बौद्ध चित्र २०१४ मध्ये अमेरिकेतील संग्रहालयातून मायदेशी परत आणण्याचा खर्च उचलला. सदिच्छा की व्यापार, हा वाद ज्याने त्याने घालावा. चित्र मात्र परत आले.

२०१२ च्या वसंतात ऑनगेमनेटने या खेळाची ‘चॅम्पियन्स’ स्पर्धा सुरू केली. तेव्हा एका संस्थेचे दोन-दोन संघ असत. पहिलाच अंतिम सामना एकाच संस्थेच्या दोन संघांत झाला. २०१४ चे जागतिक विजेतेपद सोलच्या विश्वचषक मैदानात सॅमसंगच्या एका संघाने जिंकले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सॅमसंगच्या दोन्ही संघांतले दहाही खेळाडू चीनच्या लीगमध्ये निघून गेले. तेथे पगार कितीतरी मोठे होते. या धक्क्यानंतर २०१५ मध्ये स्पर्धेचे रूप बदलले. एका संस्थेचा एकच संघ, सर्वांनी सर्वांशी दोनदा खेळायचे, आणि खेळाडूला वर्षाला किमान दोन कोटी वॉन. ‘एलसीके’ या नावाने ओळखली जाते ती हीच लीग. २०१९ पासून रायटने प्रक्षेपणही स्वतःच्या हाती घेतले आणि सोलच्या मध्यवस्तीत स्वतःचे नाट्यगृहवजा मैदान बांधले. मालकीचा जो प्रश्न आधीच्या लीगला ग्रासून गेला, तो येथे असा सुटला की खेळ, मैदान आणि कॅमेरा हे तिन्ही एकाच घरात आले.

२०२१ पासून दहा कायम संघ आहेत. जागेचे शुल्क दहा अब्ज वॉन, नव्याने येणाऱ्याला त्याहून अधिक. किमान वार्षिक वेतन सहा कोटी वॉन. तरीही जानेवारी २०२४ मध्ये संघांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की तीन वर्षांत त्यांचा एकत्रित तोटा शंभर अब्ज वॉनच्या वर गेला. सॅमसंगने तर २०१७ मध्ये जागतिक विजेतेपद जिंकल्यावर महिना पुरा होण्याच्या आत आपला संघ विकून टाकला होता. जगात सर्वांत नावाजलेली लीग हिशेबाच्या वहीत अजून उणे आहे, हे पालकांनी लक्षात असू द्यावे.

आता मुलांविषयी. नोव्हेंबर २०११ मध्ये कोरियात एक कायदा अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील जोडखेळ बंद. ऑक्टोबर २०१२ मध्ये पंधरा वर्षांचा एक खेळाडू युरोपातील स्पर्धेची पात्रता फेरी खेळत होता. तिकडची दुपार-संध्याकाळ ही इकडची मध्यरात्र. सामना ऐन रंगात असताना त्याच्या ध्यानात आले की घड्याळात बारा वाजत आले आहेत. घाईघाईने डाव संपवण्याच्या नादात तो हरला. सगळे जग हसले. तोच मुलगा २०१४ मध्ये स्टारक्राफ्टच्या नव्या आवृत्तीचा जगज्जेता झाला, आणि २०१६ मध्ये सामने विकल्याबद्दल दोषी ठरून खेळातून कायमचा बाद झाला. कायद्याने त्याची रात्रीची झोप राखण्याचा प्रयत्न केला होता. दिवसा त्याच्याभोवती कोण माणसे वावरत होती, हे पाहणारा कायदा नव्हता. तो मध्यरात्रीचा निर्बंध १ जानेवारी २०२२ पासून रद्द झाला. आपल्या मुलाला किती वेळ खेळू द्यायचे, हे त्यानंतर पालक आणि मुलानेच ठरवायचे आहे.

२०१९ च्या शरदात त्याहून गंभीर गोष्ट बाहेर आली. एलसीकेमधल्या एका संघाने अल्पवयीन खेळाडूवर दडपण आणून त्याला चीनच्या संघाकडे दीर्घ मुदतीच्या करारावर पाठवण्याचा घाट घातला होता. बातमी फोडली ती त्याच संघाच्या माजी प्रशिक्षकाने. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे केलेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि संसदेत प्रश्न विचारले गेले. परिणामी २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि सांस्कृतिक मंत्रालयाने खेळाडूंसाठी नमुना करार प्रसिद्ध केला. त्याला किशोरवयीनांसाठी वेगळे जोडपत्र आहे. त्यात चार हक्क नोंदलेले आहेत: स्वतःची निवड करण्याचा, शिकण्याचा, माणूस म्हणून सन्मानाचा आणि झोपेचा. पोराला झोपू द्या, हे वाक्य सरकारी कागदावर लिहावे लागले. ज्या देशाने हा व्यवसाय जगाला दिला, त्याला ते लिहायला वीस वर्षे लागली.

हे सगळे सांगून झाल्यावरही मुले एकच नाव घेतील: फेकर. त्यांचे चूक नाही. ली सांग-ह्योक हे त्याचे खरे नाव, जन्म मे १९९६ चा. २०१३ मध्ये त्याने शाळा अर्धवट सोडून एसके टेलिकॉमच्या संघात प्रवेश केला. घरी वडील आणि आजी. वडिलांची संमती होती. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला. पुन्हा २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये. सर्व काळ एकाच संघात. चीनकडून येणारे निरोप त्याने नाकारले. फावल्या वेळी तो पुस्तके वाचतो, हे त्याच्या चाहत्यांना त्याच्या डावांइतकेच तोंडपाठ असते. वर्गात ही माहिती द्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोरियाने या खेळाचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा फेकर तापाने आजारी होता. बहुतेक सामने त्याच्या जागी दुसराच खेळाडू खेळला. पदकाने संघातल्या सहाही जणांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. त्याच स्पर्धेत भारताचा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला.

भारतात डिसेंबर २०२२ च्या आदेशाने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान मिळाले, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांची फारकत केली. जकार्ता येथे २०१८ साली, ई-स्पोर्ट्सचे सामने केवळ प्रात्यक्षिक म्हणून भरवले गेले असताना, भुजच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक आणले होते. तेव्हा ‘यात काहीच नाही’ असे म्हणून मुलाचे तोंड मिटवणे आता जमणार नाही.

मात्र त्याच्यासमोर बसून एक हिशेब मांडता येईल. एलसीकेमध्ये दहा संघ आहेत आणि मैदानात उतरणारे पाच-पाच, म्हणजे पन्नास जागा. दुय्यम फळी धरली तर शंभर. पाच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या देशात लक्षावधी मुले हा खेळ खेळतात, आणि बहुतेकांची कारकीर्द पंचविशीच्या आतबाहेर संपते. बारावीला किती टक्के पडले तर कोठे प्रवेश मिळतो, हे पालक कागदावर लिहून काढतात. तसेच हेही लिहून काढावे आणि तो कागद मुलाच्या हाती द्यावा. मुले आकडे समजतात. त्यांना उपदेश तेवढा समजत नाही.

सॅमसंगचा जो संघ विकला गेला तो आज ‘जेन-जी’ या नावाने खेळतो आणि एलसीकेच्या अग्रभागी आहे. या संस्थेने २०१९ मध्ये सोल येथे ई-स्पोर्ट्सची प्रबोधिनी काढली. तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तिने एका शाळेशी हातमिळवणी केली. मुले दिवसाचा एक भाग खेळाच्या सरावात घालवतात आणि उरलेल्या भागात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास शिकतात. शेवटी हाती पडते ते अमेरिकन माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र. लीगमध्ये स्वतःचा संघ असलेल्या या संस्थेने पालकांपुढे ठेवलेले मुख्य आमिष लीगमधल्या जागेचे नाही, अमेरिकेतील विद्यापीठाच्या प्रवेशाचे आहे.